डावीकडून आलेली हाक

आल्टनराडे गावात हार्टविग सोबोटाला न ओळखणारा म्हातारा शोधून सापडायचा नाही. तरुणांचं सोडा. त्यांच्या लेखी तो म्हणजे एक पाय न वाकवता बाजारपेठेतून चालणारा उंच आजोबा, लॉटरी आणि तंबाखूच्या बंद पडलेल्या दुकानाचा मालक. पण ज्यांनी कोळशाच्या खाणी चालू असताना पाहिल्या होत्या, शनिवारी दुपारी ग्लूकआउफ क्लबचं मैदान माणसांनी फुटायला आलेलं पाहिलं होतं, त्यांच्यासाठी तो 'आपला हार्टी' होता. जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचा पांढरा शर्ट घातलेला गावातला एकुलता एक माणूस. आणि त्याचं नाव निघालं की एगोन मारक्वार्टचं नाव निघायचंच. मग कुणीतरी बिअरचा ग्लास टेबलावर ठेवून म्हणायचं, "त्यानं हाक दिली नाही."

एवढ्या एका वाक्यावर एगोनला गाव सोडावं लागलं होतं.

हार्टविग आणि एगोन एकाच भिंतीला पाठ लावून वाढले. खाणकामगारांच्या वसाहतीत घरं जोडून असायची. सोबोटांच्या स्वयंपाकघरात बटाटे तळले की मारक्वार्टांच्या पडद्यांना वास लागायचा. दोघांचे बाप एकाच पाळीला खाणीत उतरायचे, एकाच पाळीला काळेठिक्कर होऊन वर यायचे. पोरं मात्र कोळशाच्या वखारीमागच्या मोकळ्या जागेत चेंडू बडवत असायची. एगोन गोलात, हार्टविग त्याच्या पुढं. हे तेव्हा जे ठरलं ते पुढं बदललंच नाही. शाळेचा संघ, क्लबचा कुमार संघ, मग मोठा संघ. एगोन मागं, हार्टविग पुढं.

हार्टविग काही नजरेत भरणारा खेळाडू नव्हता. पायात जादू नव्हती, पळण्यात वारा नव्हता. पण समोरच्या संघाच्या गोल मारणाऱ्या गड्याला तो गोचिडासारखा चिकटायचा आणि सामना संपेपर्यंत सुटायचा नाही. उंच आलेला चेंडू त्याच्या कपाळाचाच. गोल त्यानं स्वतः फार थोडे केले. दुसऱ्याला करू द्यायचा नाही हे त्याचं काम, आणि ते तो खाणीतल्या माणसासारखा, मान खाली घालून करायचा. त्याची एक लकब मात्र प्रसिद्ध होती. खेळ कितीही रंगात असो, मध्येच तो डाव्या खांद्यावरून मागं नजर टाकायचा. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकानं एकदा पोरांना सांगितलं होतं, "सोबोटाकडून शिका. बचावपटूला पाठीमागं काय चाललंय ते माहीत हवं." तो कायम डावीकडची जागा मागून घ्यायचा. का, असं कुणी विचारलं नाही. त्यानं स्वतःलाही विचारलं नव्हतं.

राष्ट्रीय संघात तो पाच-सहा वर्षं आत-बाहेर होता. मग एका वर्षी वर्ल्ड कपच्या चमूत त्याचं नाव आलं. वसाहतीत लोकांनी खिडक्यांतून झेंडे लावले. त्याच्या बापाला तोवर खाणीच्या धुळीनं अंथरुणाला खिळवलं होतं, पण त्यानं पलंग खिडकीशी ओढून घेतला.

हंगामातला गावातला शेवटचा सामना राहिला होता. तो हार्टविगनं खेळला नसता तरी चाललं असतं. पण आपल्या माणसांसमोर निरोप घेऊन जावं, असं त्याच्या मनानं घेतलं.

उत्तरार्धात उजवीकडून उंच चेंडू आला. हार्टविग त्याच्यावर नजर ठेवून मागं सरकत होता. त्याच चेंडूसाठी एगोन गोल सोडून पुढं झेपावला. जर्मन मैदानांवर 'चेंडू माझा, बाजूला व्हा' एवढं बोलायला सवड नसते, म्हणून 'लिओ' अशी हाक घालतात. हा लिओ कोण होता, कुणालाच ठाऊक नाही. पण 'लिओ' ऐकू आलं की आपल्या संघातल्यानं अंग चोरायचं, हा नियम पोरं बोबडं बोलायच्या वयात शिकतात. हार्टविगनं अंग चोरलं नाही. एगोनचा सगळा भार, पुढं काढलेल्या गुडघ्यासकट, त्याच्या जमिनीवर रोवलेल्या पायावर आला. तो आवाज पहिल्या रांगेतल्यांनी ऐकला म्हणतात.

गुडघ्याची वाटी फुटली होती आणि आतले बंध तुटले होते. शस्त्रक्रिया झाल्या, प्लास्टर झालं, पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या. पुढच्या वर्षी त्यानं सराव करून पाहिला आणि एका सकाळी बुटाच्या नाड्या बांधता बांधता उठून घरी आला. तिथं त्याचा फुटबॉल संपला.

इस्पितळात पत्रकारांनी त्याला विचारलं होतं, एगोननं हाक दिली होती का? हार्टविगनं जे खरं होतं ते सांगितलं. "मला काही ऐकू आलं नाही." दुसऱ्या दिवशी पेपरात मोठ्या अक्षरात छापून आलं की मारक्वार्ट गप्प राहिला. संघातल्या एकानं हाक ऐकल्याचं सांगितलं, दुसरा म्हणाला, एवढ्या गोंगाटात कुणाला काय ऐकू येणार. पण लोकांना ज्याचा पाय मोडला त्याचं पटलं. एगोन म्हणाला, "मी ओरडलो होतो," आणि त्यापुढं एक अक्षर बोलला नाही. त्यानं बाजू मांडली नाही, भांडला नाही, आणि लोकांनी त्याचा अर्थ हवा तसा लावला.

पुढच्या हंगामात त्यानं चेंडू हातात घेतला की सबंध मैदान टिंगलीनं ओरडायचं, "लिओ, लिओ." स्वतःच्या गावचं मैदान. रस्त्यात लोक तोंड फिरवायचे. त्याच्या दाराच्या पत्रपेटीत कुणी कुत्र्याची घाण टाकायचं. त्याची लहान मुलगी शाळेतून रडत यायची.

त्या हिवाळ्यात एगोनची बायको मार्लिस हार्टविगच्या दारात आली. तीही वसाहतीतलीच, हार्टविगच्या लग्नात तिनंच गुड्रुनच्या केसांत फुलं माळली होती. तिला कुणी आत बोलावलं नाही, ती उंबऱ्यावरच उभी राहिली. म्हणाली, "हार्टी, एक वाक्य बोल पेपरवाल्यांशी. त्यानं हाक दिली असं म्हणू नकोस. दिली असेल, एवढंच म्हण."

हार्टविग कुबड्यांवर उभा होता. बाप महिन्यापूर्वीच गेला होता. खिडकीतला पलंग अजून हलवला नव्हता.

"मी ऐकलं नाही," तो म्हणाला. "म्हणजे दिली नाही. कानात बोळे नव्हते माझ्या."

"तू त्याला लहानपणापासून ओळखतोस."

"म्हणून तर," असं म्हणून त्यानं दार लावलं.

वसंतात मारक्वार्ट कुटुंबानं सामान बांधलं आणि ते उत्तरेला, समुद्राकाठी विल्हेल्म्सहाफनला निघून गेले. एगोन तिथल्या एका लहान क्लबात काही वर्षं खेळला आणि मग नगरपालिकेच्या जलतरण तलावावर देखरेखीला लागला, असं उडत उडत कळलं. दोन्ही घरांत विस्तव जात नव्हता.

हार्टविगनं क्लबच्या मदतीनं दुकान टाकलं. लोक लॉटरीचे आकडे भरायला यायचे आणि सामन्यांच्या गोष्टी काढून तासन्‌तास उभे राहायचे. मग एकेक खाण बंद पडत गेली. क्लब खाली खाली घसरत पाचव्या दर्जाच्या साखळीत जाऊन पडला. गोष्टी ऐकायला येणारे एकेक करून दफनभूमीत गेले आणि दुकानही मिटलं. हार्टविग सत्तरीला टेकला.

कानाच्या डॉक्टरकडे त्याला गुड्रुननं ढकललं. "टीव्ही तू बघतोस आणि ऐकतात शेजारी," ती म्हणाली. "परवा तर पलीकडच्या बाईंनी मला जिन्यात बातम्या सांगितल्या."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी त्याला काचेच्या खोलीत बसवून कानांवर यंत्र चढवलं, बारीक मोठे आवाज सोडले. बाहेर आल्यावर कागदाकडे बघत त्यांनी विचारलं, "सोबोटासाहेब, डाव्या कानाला ऐकू येत नाही असं कधीपासून आहे?"

"थोडं कमी येतं. पहिल्यापासूनच जरा आळशी आहे तो."

"आळशी नाही. त्याला काहीच ऐकू येत नाही. उजवा वयानं थकलाय, त्याला यंत्र लावू. पण डावा गेलेला आहे, आणि गेल्याला खूप वर्षं झालीत. लहानपणी गालगुंडं झाली होती का?"

झाली होती. शाळेत जायला लागल्यानंतरच्याच हिवाळ्यात. आई गरम बटाटे फडक्यात बांधून गालांना शेक द्यायची.

"तेव्हाच गेला असणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एका बाजूचं असलं की पुष्कळांना कळतसुद्धा नाही. दुसरा कान सांभाळून घेतो. फक्त आवाज कुठून आला ते समजत नाही, आणि गोंगाटात त्या बाजूचं सगळं बुडून जातं."

"पण मी फुटबॉल खेळायचो," हार्टविग म्हणाला.

"हो का? छान," त्या म्हणाल्या आणि यंत्राचे नमुने दाखवायला लागल्या.

घरी येऊन तो स्वयंपाकघरात कोट न काढताच बसला. गुड्रुन सूप ढवळत होती. त्यानं सांगितलं तशी ती वळली.

"लग्नापासून मी तुझ्या उजव्या हाताला चालते," ती म्हणाली. "पलंगावर उजवीकडे झोपते. काय वाटलं तुला, हौस होती मला?"

"मग बोलली का नाहीस कधी?"

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे. पुरुषमाणूस, चारचौघात नको असेल बोलायला." मग तिच्याही ध्यानात काहीतरी आलं आणि तिनं पळी खाली ठेवली. "हार्टविग, तो चेंडू उजवीकडून आला होता ना?"

"हो."

"आणि एगोन?"

त्याचा हात डाव्या कानाकडे गेला. सूप निवत राहिलं.

त्यानंतर तो बाजारपेठेत जायचा बंद झाला. कुर्टच्या बिअरगुत्त्यात त्याची खिडकीजवळची जागा रिकामी राहू लागली. दिवसभर बागेतल्या खुर्चीवर बसायचा, कधी उजवा कान हातानं दाबून धरायचा आणि पाखरांचे आवाज नाहीसे झालेले बघायचा. शेवटी गुड्रुननंच एक चिठोरा त्याच्यापुढं टाकला. त्यावर विल्हेल्म्सहाफनचा पत्ता होता. ती दर नाताळला मार्लिसला भेटकार्ड पाठवत होती, नवऱ्याच्या नकळत. मार्लिसनं कधी उत्तर दिलं नाही. काही वर्षांपूर्वी मुलीचं कार्ड आलं, आई गेली म्हणून.

"हे तू मला सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"तू ऐकलं असतंस?" ती म्हणाली, आणि मग स्वतःच्याच शब्दांनी ओशाळली.

गाड्या बदलत बदलत तो दुपारी विल्हेल्म्सहाफनला पोचला. ओहोटी होती. बांधापलीकडे समुद्र नव्हताच, नुसता करडा चिखल क्षितिजापर्यंत. एगोनचं घर एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. हार्टविग कठड्याला धरून, ताठ पाय फरफटत वर चढला.

दार एगोननंच उघडलं. पूर्वी गोल भरून टाकणारा माणूस आता दाराच्या चौकटीत अर्धाही उरला नव्हता. हात मात्र तसेच होते, फावड्यांसारखे. त्यानं हार्टविगकडे पाहिलं, मग त्याच्या पायाकडे.

"जिने चढून आलास," तो म्हणाला. "खाली लिफ्ट आहे."

"दिसली नाही."

"ये."

आत नीटनेटकं आणि गार होतं. एगोननं चहा ठेवला. त्या भागात कॉफीपेक्षा चहाचंच माहात्म्य. पातळ कपांत खडीसाखरेचा खडा, त्यावर चहा, त्यावर सायीचा थेंब. टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. हार्टविग जवळच्या खुर्चीवर बसणार, तेवढ्यात एगोननं त्याच्या दंडाला धरून त्याला पलीकडच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः त्याच्या उजव्या हाताला बसला. हे त्यानं काही मनाशी ठरवून केलं नव्हतं. हात आपोआप गेला होता.

हार्टविगनं त्या हाताकडे पाहिलं.

"तुला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"काय?"

"माझ्या कानाचं. मला आत्ता कळलं. मार्चमध्ये. डॉक्टरनं सांगितलं."

एगोननं साखर ढवळली. तिकडे चहा ढवळत नाहीत, पण त्यानं ढवळली. "शाळेत मास्तर डावीकडून यायचे कान पिळायला, तुला पत्ता नसायचा," तो म्हणाला. "सगळा वर्ग हसायचा. माझ्या आईनं तुझ्या आईला सांगितलं एकदा. तुझी आई वर्षभर बोलली नाही तिच्याशी. माझ्या पोरात खोट काढते म्हणाली. मग आमच्या घरात कुणी तो विषय काढला नाही."

"आणि खेळताना?"

"मागं वळून बघायची सवय कुणी लावली तुला? वखारीमागं खेळायचो तेव्हा बघितलं नाहीस की पाठीत चेंडू हाणायचो. आठवतं?"

"मला वाटायचं, मस्ती करतोस."

"मस्तीही होती. आणि मोठेपणी सामन्यात मी चेंडूसाठी पुढं येताना आधी तुझ्या पाठीला हात लावायचो, मग उडी. लिओ ओरडायचो ते इतरांसाठी. तू राष्ट्रीय संघात गेलास तेव्हा तिथल्या गोलकीपरला फोन केला मी. म्हटलं, आमचा सोबोटा खेळात बुडाला की त्याला काही ऐकू जात नाही, हात लावत जा. कान म्हणालो नाही. कान म्हणालो असतो तर दुसऱ्या दिवशी तुला घरी पाठवला असता."

बाहेर कुठं तरी सीगल पक्षी कलकलत होते. हार्टविगला ते खिडकीच्या काचेवरून उडताना दिसल्यावरच कळलं.

"म्हणजे त्या दिवशी तू ओरडला होतास."

"दोनदा."

"मग बोलायचं होतंस, एगोन. सोबोटा बहिरा आहे म्हणायचं. डॉक्टर बोलावले असते, एका दिवसात निकाल लागला असता. तुझी पोर..."

एगोननं फावड्यासारखे हात टेबलावर पालथे ठेवले.

"काय म्हणणार होतो?" तो म्हणाला. "की याला ऐकू येत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी मी नुसता ओरडून पुढं आलो? त्या दिवशी मी हात लावला नाही, हार्टी. राष्ट्रीय संघाची माणसं आली होती तुला बघायला. तिसऱ्या गोलकीपरची जागा अजून भरायची होती. मला वाटलं, हा चेंडू आपण घ्यावा, त्यांच्या डोळ्यांसमोर. हात लावायला थांबलो असतो तर उशीर झाला असता. एवढाच उशीर." त्यानं दोन बोटांत चिमूटभर जागा दाखवली. "गाव भांडत बसलं, हाक दिली की नाही दिली. मी भांडू दिलं. कारण खरं त्याहून वाईट होतं."

हार्टविगनं कप बशीत ठेवला. तो रागावायला आला नव्हता. माफी मागायला आला होता, वाक्यं जुळवून आला होता. आता ती माफी कुणाची कुणी मागायची हेच त्याला समजेना. त्याला वाटलं, या माणसानं माझा पाय मोडला. मग वाटलं, या माणसानंच मला तिथवर पोचवलं. पांढरा शर्ट, बापानं खिडकीशी ओढलेला पलंग, प्रशिक्षकाची शाबासकी, हे सगळं पाठीवर पडलेल्या एका हाताचं होतं. आणि तो हात एकदा पडला नाही.

"मार्लिसला ठाऊक होतं?" त्यानं विचारलं.

"नाही." एगोनचा आवाज पहिल्यांदा बदलला. "तिला वाटायचं, माझ्यावर अन्याय झालाय. त्या जिवावर ती तुझ्या दारी आली. मी जाऊ नको म्हटलं होतं. का जाऊ नको ते सांगितलं असतं, तर गेली नसती. परत आली तेव्हा म्हणाली, त्यांच्याकडे कॉफी केली होती, वास येत होता. एवढंच म्हणाली. तुझ्याबद्दल त्यानंतर शब्द नाही."

"मी दार लावलं."

"ठाऊक आहे."

हार्टविग म्हणाला, "मी गावात सांगणार आहे. क्लबला शंभर वर्षं होताहेत, मोठा कार्यक्रम आहे. सगळ्यांसमोर सांगतो."

"तुझं सांग," एगोन म्हणाला. "तो तुझा कान. माझं सांगू नकोस. पोरीला माझ्या अजून वाटतं की तिचा बाप निर्दोष होता. आईनंच सांगून ठेवलंय तिला. ते राहू दे."

निघताना एगोननं हार्टविगला लिफ्टपाशी सोडलं. हात मिळवला नाही, पण लिफ्ट येईतो उभा राहिला.

क्लबचा सोहळा उन्हाळ्याच्या अखेरीला झाला. खाणीच्या जुन्या सभागृहात लांब टेबलं मांडली होती, सॉसेज आणि बटाट्याचं सॅलड होतं, बँड होता. अध्यक्षांनी जिवंत असलेल्या जुन्या खेळाडूंना एकेक करून व्यासपीठावर बोलावलं. हार्टविगचं नाव आलं तेव्हा लोक उठून उभे राहिले. तो ध्वनिक्षेपकाशी गेला. नव्या यंत्रामुळं उजव्या कानात टाळ्या पत्र्यावर गारा पडल्यासारख्या वाजत होत्या.

भाषणाची त्याला सवय नव्हती. तो म्हणाला, "मला एकच सांगायचंय. एगोन मारक्वार्टनं त्या दिवशी हाक दिली होती. मी डाव्या कानानं ठार बहिरा आहे. लहानपणापासून. मला माहीत नव्हतं. तो ओरडला, मला ऐकू आलं नाही. त्याच्यावर तुम्ही जे केलंत, आपण जे केलं, ते चूक होतं."

मग मागच्या टेबलावरून कुणीतरी टाळी वाजवली, मग दुसऱ्यानं, आणि बघता बघता सगळे पुन्हा उभे राहिले. बायका डोळे टिपत होत्या. अध्यक्षांनी त्याला मिठी मारली आणि ध्वनिक्षेपकात म्हणाले, "हा आपला हार्टी. ज्यानं पाय घालवला त्यालासुद्धा पाठीशी घालणारा. असं काळीज आता होणे नाही."

"पाठीशी घालत नाही मी," हार्टविग म्हणाला. पण बँड सुरू झाला होता.

खाली उतरल्यावर गुत्तेवाल्या कुर्टनं त्याच्या हातात बिअर दिली. कुर्ट त्याच्याच वयाचा, दर सामन्याला हजर असलेला.

"मोठा माणूस आहेस," कुर्ट म्हणाला. "पण खरं सांगू? गरज नव्हती. मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यानं तोंड उघडलं नव्हतं."

"तू कुठं उभा होतास तेव्हा?"

"नेहमीच्याच जागी. पाहुण्यांच्या गोलमागं."

"म्हणजे मैदानाच्या दुसऱ्या टोकाला."

"माझी नजर चांगली होती तेव्हा," कुर्ट म्हणाला, दुखावल्यासारखा.

"कुर्ट, मी बहिरा आहे. डॉक्टरनं तपासलंय."

"आता सगळेच बहिरे झालोत की. वय झालं." त्यानं हार्टविगच्या पाठीवर थोपटलं. "सोड. तू माफ केलंस, आम्हीही केलं. बस खाली, सॉसेज गार होतंय."

दोन दिवसांनी पेपरात त्याचा फोटो आला. मथळा होता, 'सोबोटानं मारक्वार्टला माफ केलं'. हार्टविगनं पेपरच्या कचेरीत फोन केला. बातमी लिहिणारी मुलगी नम्र होती. ती म्हणाली, "अहो, लोकांना फार भावलं ते. किती फोन आलेत सकाळपासून." कानाचा उल्लेख बातमीत होता, खाली, एका ओळीत: वयोमानानं ऐकू कमी येत असलेल्या सोबोटांनी, असा.

त्यानं तो पेपर एगोनला फोनवरून वाचून दाखवला. लपवण्यात अर्थ नव्हता; आज ना उद्या एगोनची मुलगी त्याला दाखवणारच होती. पलीकडे एगोन हसायला लागला. हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली आणि ती बराच वेळ थांबेना.

"बघ," तो शेवटी म्हणाला. "तूच मोठा झालास पुन्हा."

"मी काय करू आता, एगोन?"

"काही नाही. काय करणार? झालं ते गावाचं झालं. आपल्या दोघांचं नाही राहिलं."

त्यानंतर हार्टविग कुर्टच्या गुत्त्यात गेला नाही. रस्त्यात लोक पूर्वीपेक्षा जास्त आदरानं वाकायचे, टोपी काढायचे. तो गल्ली बदलून जायचा. गुड्रुनला म्हणाला, इथून दुसरीकडे राहायला जाऊ या का? ती म्हणाली, "या वयात? कुठं?" तिचंही खरं होतं.

नोव्हेंबरमध्ये, मृतांच्या स्मरणाच्या रविवारी, तो पुन्हा विल्हेल्म्सहाफनला गेला. एगोननं बोलावलं नव्हतं, पण येऊ नको असंही म्हटलं नव्हतं. बारीक पाऊस लागून राहिला होता. दोघं बसनं दफनभूमीपर्यंत गेले. एगोनच्या हातात पाइनच्या डहाळ्यांची जुडी आणि लाल काचेतली मेणबत्ती होती. हार्टविगनं पांढरी शेवंती आणली होती, कुंडीतली, जड. ती त्यानं आल्टनराडेहून सगळ्या गाड्यांत मांडीवर धरून आणली होती.

फाटकाशी एगोन थांबला.

"तू इथंच थांब," तो म्हणाला.

"एगोन, दोन मिनिटं फक्त."

"नको. तिनं तुला आत बोलावलं नसतं." मग त्यानं कुंडीकडे पाहिलं. "दे ती. मी ठेवतो."

"माझ्याकडून आहे म्हणून सांग."

"ते नाही सांगणार," एगोन म्हणाला आणि कुंडी काखेत धरून आत गेला.

हार्टविग फाटकाच्या कमानीखाली उभा राहिला. ताठ पायात कळा येत होत्या, पण बसायला बाक नव्हता. आतून छत्र्या घेतलेले लोक येत होते, जात होते. कुणी त्याला ओळखत नव्हतं, आणि त्याला ते बरं वाटलं. उजव्या बाजूला दोन बायका कुणाच्या तरी आजारपणाबद्दल बोलत होत्या. वाटेच्या टोकाला एगोनची पाठ दिसत होती. तो गुडघ्यांवर बसून बराच वेळ मातीत काहीतरी करत होता. मग उठला, रुमालानं हात पुसले आणि हळूहळू परत आला. हात रिकामे होते.

"बस सुटायला वेळ आहे अजून," एगोन म्हणाला. "चल, त्या छपराखाली उभे राहू."

ते छपराखाली जाऊन उभे राहिले आणि बसची वाट बघू लागले. एगोन फिरून त्याच्या उजव्या हाताला आला.